बर्फ कमी, फजिती जास्त

24 जानेवारी 2022, सोमवार. अथेन्सला वळसा घालून विमानतळाकडे जाणाऱ्या ‘अत्तिकी ओडोस’ या टोलरस्त्यावर भरदिवसा बर्फ साचायला लागला. हा काही आडवळणाचा घाटरस्ता नव्हे. 2004 च्या ऑलिंपिकच्या तयारीत उभा राहिलेला, देशाने मिरवावा असा महामार्ग. संध्याकाळपर्यंत त्यावर हजारो गाड्या जागच्या जागी रुतल्या. लोकांनी अख्खी रात्र गाडीत काढली. काहीजण गाडी तिथेच टाकून अंधारात बर्फ तुडवत निघाले. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. सरकारने लागोपाठ दोन दिवस सुट्टी जाहीर केली, पंतप्रधान मित्सोताकिस यांनी जाहीर माफी मागितली आणि रस्ता चालवणाऱ्या कंपनीने अडकलेल्या प्रत्येक गाडीमागे 2000 युरो द्यायचं कबूल केलं.

यात अंदाज चुकला होता असं म्हणायला जागा नाही. वादळ येणार हे आधीच कळलं होतं, त्याचं ‘एल्पिस’ असं बारसंही झालं होतं. शिवाय आदल्या ऑगस्टमधल्या भीषण वणव्यांनंतर ग्रीसने हवामान संकट आणि नागरी संरक्षण यांसाठी खास मंत्रालय काढलं होतं. त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. म्हणजे खातं होतं, मंत्री होता, इशारा होता. नव्हती ती फक्त वेळेवर रस्ता बंद करायची किंवा मोकळा ठेवायची सवय.

त्याच्या आदल्या वर्षीची, फेब्रुवारी 2021 मधल्या ‘मेदेआ’ या हिमवादळाची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या वेळी बर्फ शहराच्या मध्यापर्यंत पोचला, टेकडीवरचं प्राचीन अ‍ॅक्रोपोलिस पांढरं झालं. पण खरे हाल झाले ते उत्तरेकडच्या उपनगरांत, किफिसिया आणि दिओनिसोसच्या बाजूला. तिथल्या टेकड्यांवर आणि गल्लीबोळांत पाइनची झाडं आहेत. भूमध्य सागराच्या काठचा हा पाइन उन्हाळा, दुष्काळ, इतकंच काय वणवाही पचवतो. आग लागली की त्याची बंद फळं उमलतात आणि बी पसरतं. बर्फाचं ओझं पेलणं मात्र त्याला जमत नाही. उत्तरेकडच्या देवदारासारखा त्याचा बांधा निमुळता नसतो, डोक्यावर पसरट छत्री असते. त्या छत्रीवर ओला, जड बर्फ साचला की फांदी कडाडते आणि थेट खालच्या विजेच्या तारेवर येते. हजारो घरांत अंधार झाला, काही ठिकाणी तो दिवसचे दिवस टिकला. करोनाच्या लसीकरणातही खंड पडला. मग सुरू झाला तो आपल्याला पाठ असलेला खेळ: झाडं छाटायची कुणी? महापौर म्हणाले वीज कंपनीने, वीज कंपनी म्हणाली नगरपालिकेने.

अ‍ॅक्रोपोलिसवरच्या बर्फाचे फोटो आले की आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही सामना रंगतो. एक पार्टी विचारते, “कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?” दुसरी म्हणते, “बघा, हाच तो हवामानबदल!” पहिल्यांना चार दिवसांची हवा आणि तीस वर्षांचं हवामान यांतला फरक कळत नाही, दुसऱ्यांना कळतो, पण वळत नाही. अशा वादात दोन्ही बाजूंचं फावतं आणि मुद्दा बाजूला राहतो. माझं म्हणणं असं आहे की युरोपचा हिवाळा सौम्य होतो आहे, एवढ्याने थंडीचा धोका कमी होत नाही. थंडी जितकी विरळ होते तितकी तिच्याशी वागायची सवय मोडते, आणि सवय मोडलेल्या समाजाला चार इंच बर्फही पुरतो. तेव्हा हवामानबदलाच्या नावाने थंडीच्या तयारीला कात्री लावणं हा शहाणपणा नाही.

आधी ग्रीसमधल्या बर्फाचं गणित बघू. अथेन्स 38 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रालगत वसलेलं शहर. तिथला मोठा बर्फ बहुतेक वेळा एकाच वाटेने येतो. रशिया आणि बाल्कनकडून थंडगार, कोरडी हवा खाली उतरते, एजियन समुद्रावरून येताना बाष्प पिते आणि एव्हिया बेटाच्या डोंगरांवर, अथेन्सभोवतीच्या अत्तिका प्रांताच्या उत्तर भागात ते बर्फाच्या रूपाने रिकामं करते. पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक जितका जास्त, तितका बर्फ जोरात. म्हणून समुद्र तापत गेला म्हणजे बर्फाचा विषय संपला, असं होत नाही. अशा लाटा कमी येतील, पण जी येईल तिला तापलेला समुद्र जास्तच ओलावा पुरवू शकतो. उत्तर ध्रुवावर, खूप उंचीवर, हिवाळ्यात वाऱ्यांचा एक मोठा भोवरा फिरत असतो. तो फेब्रुवारी 2018 मध्ये मोडला आणि सैबेरियाची थंडी युरोपवर सांडली. 26 तारखेला रोममध्ये बर्फ होता. आर्क्टिक तापल्यामुळे हा भोवरा वारंवार मोडतो का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ज्यांचं या विषयात आयुष्य गेलं ते हात राखून बोलतात, तर आपण छातीठोकपणे बोलू नये.

आणि ही थंड वाऱ्याची वाट काही कालपरवा पडलेली नाही. प्राचीन ग्रीकांनी उत्तरवाऱ्याला बोरेआस नावाचा देव केलं होतं. अथेन्समधल्या वाऱ्यांच्या अष्टकोनी मनोऱ्यावर तो आजही जाड कपडे घालून शंख फुंकताना दिसतो. पर्शियन आरमाराची नासधूस केल्याबद्दल अथेन्सकरांनी त्याचं देऊळ बांधलं, असं हेरोडोटस सांगतो. भर हिवाळ्यातल्या उबदार दिवसांनाही त्यांच्याकडे कथा आहे. वाऱ्यांचा अधिपती एओलस याची मुलगी अल्किओनी खंड्या पक्षी झाली. तिला अंडी उबवता यावीत म्हणून हिवाळ्यात काही दिवस वारा पडतो आणि ऊन येतं. आजही ग्रीक लोक जानेवारीतल्या अशा दिवसांना तिचंच नाव देतात. सांगायचा मुद्दा असा की एखादा उबदार जानेवारी किंवा एखादा पांढराशुभ्र फेब्रुवारी ग्रीसला मुळीच नवा नाही. बदल दिसतो तो सलग वर्षांच्या नोंदींत, आणि मुख्यतः डोंगरांत.

डोंगरांत काय चाललंय याचे फोटो व्हायरल होत नाहीत, कारण न पडलेल्या बर्फाचा फोटो निघत नाही. ग्रीसचा 2023-24 चा हिवाळा तिथल्या नोंदींमधला सर्वांत उबदार ठरला. अथेन्सचं बरंचसं पिण्याचं पाणी जवळपास दोनशे किलोमीटरवरून, मोर्नोस धरणातून येतं. हे धरण ग्योना आणि वार्दुसिया या उंच डोंगरांच्या मधे आहे आणि त्या डोंगरांवरचा बर्फ ही त्याची शिल्लक. धरण भरलं तेव्हा कालिओ नावाचं गाव पाण्याखाली गेलं होतं. उजनीचं पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं 2024 मध्ये कालिओ वर आलं: घरांच्या भिंती, शाळेचे अवशेष. लोक चिखलातून चालत आपलं जुनं घर शोधायला गेले. 2022 मध्ये बर्फात रुतलेल्या शहराचं पाणी ते हेच.

बर्फ आणि पाऊस यांच्यातला फरक कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पाणी किती पडलं एवढंच महत्त्वाचं नसतं, ते कधी आणि कोणत्या वेगाने हाताशी येतं हेही असतं. जानेवारीत पडलेला बर्फ एप्रिल-मेपर्यंत थेंबाथेंबाने उतरतो, जमिनीत मुरतो. तेच पाणी पाऊस होऊन पडलं तर दोन दिवसांत समुद्रात. आल्प्समध्ये 1971 ते 2019 या काळात नोव्हेंबर ते मे महिन्यांतल्या बर्फाची सरासरी जाडी दर दशकात साधारण 8 टक्क्यांनी घटली आहे. याचा अर्थ 2022 च्या उन्हाळ्यात इटलीला कळला. आल्प्सवर बर्फ कमी, पाठोपाठ पाऊस कमी, आणि पो नदीने गेल्या सत्तर वर्षांतला सर्वांत वाईट दुष्काळ पाहिला. तिच्या खोऱ्यातली भातशेती करपली, मुखाकडून समुद्राचं खारं पाणी आत घुसलं. इटलीत भात पिकतो हेच आपल्यापैकी अनेकांना नवीन असेल, पण त्यांचा रिसोत्तो त्याच खोऱ्यातल्या तांदळावर शिजतो.

यावर डोंगरातल्या पर्यटन केंद्रांनी शोधलेला उपाय म्हणजे कृत्रिम बर्फाच्या तोफा. जानेवारी 2023 मध्ये स्वित्झर्लंडच्या हिरव्यागार उतारांवर मधोमध एकच पांढरी पट्टी आणि तिच्यावर शर्यतीतले खेळाडू, असे फोटो जगभर फिरले. या तोफांना पाणी लागतं, वीज लागते, आणि मुळात थंडी लागते. पारा शून्याखाली उतरलाच नाही तर त्या नुसत्या उभ्या राहतात. ग्रीसमध्ये पार्नासोस डोंगराच्या पायथ्याचं अराखोवा हे गाव अथेन्सकरांच्या शनिवार-रविवारवर जगतं, हॉटेलं आहेत, स्की भाड्याने देणारी दुकानं आहेत. त्यांची काळजी खोटी नाही. तरीही सरकारी तिजोरीतून नव्या लिफ्ट आणि तोफा घेणं हे आजारी पिकाला रंग देण्यासारखं वाटतं. गावाला दुसरा धंदा उभा करायला मदत करा, ते परवडेल.

हिवाळा मागे हटताना कसा वागावा याचं एक उलटं आणि मजेशीर उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. फ्रीसलँड प्रांतात गोठलेल्या कालव्यांवरून अकरा गावं जोडणारी सुमारे 200 किलोमीटरची स्केटिंगची शर्यत होते. होते म्हणजे, बर्फ परवानगी देईल तेव्हा होते. संपूर्ण मार्गावर बर्फ 15 सेंटीमीटर जाड लागतो. पहिली शर्यत 1909 मध्ये झाली, विसाव्या शतकात एकूण पंधरा झाल्या आणि शेवटची 4 जानेवारी 1997 रोजी. फेब्रुवारी 2012 मध्ये देश अक्षरशः श्वास रोखून बसला होता, पण दक्षिणेकडच्या काही टप्प्यांवर बर्फ पुरेसा जमला नाही आणि बेत रद्द झाला. तेव्हापासून पुन्हा वाट बघणं. पण ही मंडळी संस्था बंद करून मोकळी झालेली नाहीत. मार्गाच्या एकेका टप्प्याला माहीतगार प्रमुख नेमलेला आहे, सभासद आहेत, आराखडे तयार आहेत. थंडी पडली की ते आपापल्या टप्प्यावर बर्फाची जाडी मोजायला निघतात. निव्वळ एका खेळासाठी माणसं जवळजवळ तीन दशकं तयारीत राहू शकतात. मग ज्या शहरात दर काही वर्षांनी बर्फ पडतोच, त्याने रस्त्यावर टाकायचं मीठ, बर्फ हटवणारी वाहनं आणि ती चालवणारी माणसं हाताशी ठेवायला काय हरकत आहे?

हरकत पैशाची, हे उघड आहे. अर्थखात्यातला माणूस विचारणारच की पाच वर्षांतून एकदा लागणाऱ्या यंत्रावर दरवर्षी खर्च का? 2022 नंतर ग्रीसने यातून पळवाट काढली. आता बर्फाचा नुसता अंदाज आला तरी मोबाइलवर 112 चा इशारा वाजतो, शाळा बंद होतात, ट्रकांना महामार्गावर बंदी येते. गाडीत रात्र काढण्यापेक्षा हे हजारपट बरं, यात वाद नाही. पण शहर बंद ठेवणं म्हणजे शहर चालवणं नव्हे. घरून काम करणारा कारकून सुट्टी मजेत घालवतो. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते, आणि त्याला घरी बसवायला निधी कुणी ठेवलेला नसतो. जानेवारी 2017 मध्ये लेस्बोस बेटावर मोरियाच्या छावणीत निर्वासितांच्या तंबूंवर बर्फ साचला होता. त्यांना ‘घराबाहेर पडू नका’ असा मेसेज पाठवून काय उपयोग होता?

थंडी जाते आहे म्हणून निर्धास्त झालेल्यांना अवेळी थंडीने कसा फटका बसतो, हे 2021 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सने पाहिलं. मार्चअखेरीस इतकी ऊब आली की द्राक्षवेलींना कोंब फुटले. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पारा शून्याखाली. रात्रभर बागांमधून हजारो मेणबत्त्या आणि शेकोट्या पेटवल्या गेल्या, तरी कोंब जळाले. ही थंडी पूर्वीच्या मानाने फार कडक नव्हती. वेली लवकर जाग्या झाल्या, हा घोटाळा होता. नाशिककडच्या बागायतदाराला यातलं एक अक्षरही उलगडून सांगायला नको. हवामान तापल्यामुळे अशा घटनेची शक्यता वाढल्याचं शास्त्रज्ञांनी नंतर तपासून सांगितलं. म्हणजे सरासरी थंडी कमी, नुकसान जास्त.

तिकडच्या हिवाळ्याशी आपला संबंध नाही असंही समजू नये. उत्तर भारतात हिवाळी पाऊस आणि हिमालयावर बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात भूमध्य सागराच्या परिसरातूनच निघतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा आणि विदर्भाला झोडपून काढणाऱ्या गारपिटीमागे अशा झंझावातांचाही हात होता. आकाशाला पासपोर्ट लागत नाही.

आता दुसरी बाजू. सौम्य हिवाळ्याने युरोपचं भलंही होतं, आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. 2022-23 मध्ये रशियाचा गॅस आटला तेव्हा युरोप गारठणार अशी भाकितं होती. सरकारांनी गॅसचे साठे भरले, लोकांनी काटकसर केली हे खरंच, पण हिवाळा उबदार निघाला ही नशिबाची साथही तितकीच मोठी होती. 1 जानेवारी 2023 रोजी वॉर्सामध्ये पारा 18.9 अंशांवर होता. शिवाय युरोपात आजही उष्म्यापेक्षा थंडीने मरणाऱ्यांची संख्या कितीतरी जास्त आहे. मग हिवाळा तापतोय तर बरंच की, असा युक्तिवाद पुढे येतो, आणि तो करणारे सगळेच काही तेलकंपन्यांचे भाट नसतात.

या युक्तिवादाची अडचण अशी की थंडीने माणसं कुठे मरतात, हे तो बघत नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या चौदा देशांचे मृत्यूचे आकडे ताडून पाहिले होते. हिवाळ्यात एरवीपेक्षा किती मृत्यू जास्त होतात, असा प्रश्न होता. फिनलंडमध्ये 10 टक्के. ग्रीसमध्ये 18. पोर्तुगालमध्ये 28. जिथे थंडी कडक तिथे मृत्यूंची वाढ कमी, जिथे हिवाळा ऊबदार तिथे जास्त. कारण फिनलंडमधलं घर हिवाळा गृहीत धरून बांधलेलं असतं, भूमध्य सागराकाठचं घर उन्हाळा गृहीत धरून. थर्मामीटर आणखी दोन अंश वर चढला म्हणून पोर्तुगालमधल्या ओलसर भिंती कोरड्या होणार नाहीत.

ग्रीसमध्ये तर इमारतींच्या उष्णतारोधनाचा पहिला नियमच 1979 चा. त्याआधी बांधलेल्या हजारो इमारतींना काँक्रीटच्या नुसत्या भिंती आहेत. अथेन्समधला मध्यमवर्ग राहतो ‘पोलिकातिकिया’ या पाच-सहा मजली इमारतींत. अशा बहुतेक जुन्या इमारतींच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक बॉयलर असतो, रेडिएटर घरोघरी. तेल किती भरायचं, किती तास चालवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, खर्च वाटून घ्यायचा. सोसायटीची मीटिंग म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं कळलंच असेल. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये, कर्जाच्या संकटात, सरकारने घरगुती तेलावरचा कर वाढवून तो वाहनांच्या डिझेलइतका केला. चोरटी विक्री थांबेल, तिजोरी भरेल असा हिशेब होता. झालं काय, तर काही घरांना वाटा परवडेना, काहींनी देणं थांबवलं आणि इमारतीच्या इमारतींनी बॉयलर बंद केले. लोकांनी शेकोट्या पेटवल्या, जुनं फर्निचर, रंगवलेली दारंसुद्धा जाळली. त्या आणि पुढच्या हिवाळ्यात शांत, थंड रात्री अथेन्स आणि थेस्सालोनिकीवर लाकडाच्या धुराचा थर बसायचा. हवा मोजणाऱ्या यंत्रांवर सूक्ष्म कणांचे आकडे धोक्याच्या रेषेपार गेले. हे सगळं अशा देशात, जिथे आपण सुट्टीचा विचार केला की डोळ्यांपुढे निळा समुद्र आणि ऊन येतं. बर्फाचं एकही वादळ न येता तिथे थंडीने माणसं बेजार झाली.

म्हणून पैसा कुठे जावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घर दुरुस्तीसाठी ग्रीसमध्ये ‘एक्सिकोनोमो’ ही अनुदान योजना आहे, खिडक्या बदलणं, भिंतींना आवरण देणं, नवी तापनव्यवस्था बसवणं यांना ती मदत करते. योजना चांगली आहे. पण अनुदान खर्चाच्या काही हिश्श्याचंच, उरलेला मालकाने घालायचा, आणि अर्ज ऑनलाइन, कागदपत्रांच्या चळतीसह. ज्याच्या हाताशी इंजिनीअर आहे, खात्यात पैसे आहेत आणि घर स्वतःच्या नावावर आहे, त्याचं काम होतं. चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू, तळमजल्यावरची पेन्शनवर जगणारी म्हातारी यांचं काय? एका फ्लॅटच्या खिडक्या बदलल्या आणि शेजारच्या तीन भिंती उघड्या राहिल्या तर ऊब निसटतेच. मदत अख्ख्या इमारतीला मिळायला हवी, गरिबाच्या वाट्याचा खर्च सरकारने सुरुवातीलाच उचलायला हवा, आणि भिंतींचं काम झाल्यावर मालकाने लगेच भाडं वाढवू नये अशी अट हवी. हीच भिंत जुलैमध्ये 42 अंशांची झळही अडवते, त्यामुळे हिवाळा आला नाही तर खर्च वाया गेला, हा अर्थखात्याचा आक्षेप इथे टिकत नाही. झाडांची छाटणी, मोर्नोसमधून शहरात येणाऱ्या पाण्याची गळती, मीठ आणि वाहनं ही याच यादीतली पुढची कामं आहेत. अराखोवाच्या वरच्या लिफ्टचा नंबर त्यानंतर.